एकटीची पहिली सहल परतीच्या गाडीपासून आखायची

तुझा प्रश्न थोडक्यात असा: लातूरहून नोकरीसाठी पुण्यात येऊन दीड वर्ष झालं, स्वतःची गाडी नाही, मैत्रिणींचा बेत दर शनिवारी रात्री फिसकटतो, आणि आता रविवारी एकटीनेच बाहेर पडायचं आहे. लोकलने किंवा एसटीने जाऊन रात्रीच्या आत परत येता येईल असं ठिकाण कोणतं, एकटीने जाण्यात धोका कितपत, आणि आईला काय सांगायचं?

मुलीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते. मी गेली सव्वीस-सत्तावीस वर्षं अशी फिरते आहे. बँकेत नोकरी, हाताशी एक रविवार, आणि नवऱ्याला डोंगर म्हटलं की गुडघे दुखायला लागतात. सुरुवातीला नाइलाज म्हणून एकटी जायचे, पुढे त्याचीच चटक लागली.

ठिकाणाच्या आधी एक गोष्ट सांगते, कारण ती चुकली तर ठिकाण कितीही चांगलं असो, दिवस वाया जातो. बहुतेक लोक सहल जाण्याच्या बाजूने आखतात. किती वाजता निघायचं, काय बघायचं, कुठे जेवायचं. परतीचं तिथे गेल्यावर बघू. बुडाखाली स्वतःची गाडी असेल तर हे खपतं. एसटी-लोकलवाल्यांनी मात्र उलटीकडून यायचं. आधी परतीची शेवटची गाडी शोधायची, मग तिच्या आधीची. ही आधीची गाडी आपली. शेवटची फक्त गळ्याशी आलं तर. ही वेळ कागदावर लिहिली की तिथून मागे मोजत सकाळपर्यंत यायचं, आणि मधे जेवढा वेळ उरेल तेवढंच बघायचं.

हे शहाणपण मला एका संध्याकाळी आलं. बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. वेल्ह्याकडच्या एका गावात गेले होते. साडेसहाला गाडी आहे असं दुकानदाराने सांगितलं होतं, म्हणून सहालाच पारावर येऊन बसले. गाडी आली सातला. धुरळा खाली बसला, चार बायका आणि एक बोकड उतरला, मी चढले. कंडक्टर पैशाची पिशवी सीटवर ठेवून बुटाच्या नाड्या सोडत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, कुठं निघालात? ही मुक्कामी आहे. आता सकाळी सहाला." ड्रायव्हर तोवर खांद्यावर टॉवेल टाकून हातपंपाकडे चालता झाला होता.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. मी "गाडी किती वाजता येते" असं विचारलं होतं, त्याने येण्याची वेळ सांगितली. ती परत कधी जाते हे मी विचारलंच नव्हतं. शेवटी पारासमोरच्या घरातल्या एका काकूंनी दुधाच्या टेम्पोवाल्याला दम भरून सांगितलं, आणि कॅनच्या शेजारी बसून मी नसरापूर फाट्याला आले. घरी पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते.

तर मुक्कामी गाडी हा शब्द पक्का लक्षात ठेव. गावात संध्याकाळी उशिरा येणारी एसटी बहुतेक वेळा रात्रभर तिथेच थांबते आणि पहाटे तालुक्याला निघते. दुसरं असं की, खेड्यांकडे जाणाऱ्या कित्येक फेऱ्या शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी असतात. रविवारी, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत त्या बंद. म्हणजे तू ज्या दिवशी जाणार, नेमक्या त्याच दिवशी त्या नाहीत. म्हणून चौकशीच्या खिडकीवर "गाडी आहे का?" असं विचारायचं नाही. "रविवारी तिकडून पुण्याकडे निघणारी शेवटची कोणती, आणि तिच्या आधीची कोणती?" असं विचारायचं. खिडकीतला माणूस एकदा मान वर करून बघतो आणि मग नीट उत्तर देतो.

या सगळ्या कटकटीमुळे पहिल्या खेपेला एसटी नकोच. तू मळवलीला जा.

पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आहे, आणि पुण्याच्या माणसाला तिच्याइतकी स्वस्त सहल दुसरी नाही. लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन मळवली. पुण्याहून सव्वा तासाच्या आसपास. तिकीट मोबाईलवर काढ, पण ते स्टेशनच्या आवारात शिरण्याआधी. फलाटावर उभं राहून काढायला गेलीस तर ॲप हात वर करतं. आणि तिकीट मळवलीचं न काढता लोणावळ्याचं, जाऊन-येऊन काढ. भाड्यात फारसा फरक पडत नाही, पुणे-लोणावळा एका बाजूला १५ रुपये, आणि परतताना मनात आलं तर लोणावळ्याहूनही चढता येतं.

सकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराची लोकल धर. डाव्या खिडकीची जागा बघ. कामशेत सुटलं की डावीकडे दोन डोंगर दिसायला लागतात. अलीकडचा रुंद, सपाट माथ्याचा तो विसापूर, आणि पलीकडे शेपटीसारखी लांब सोंड बाहेर आलेली दिसते तो लोहगड. ती सोंड म्हणजे विंचूकाटा. दिवसभर कुठल्या दिशेला जायचंय हे गाडीतच कळतं, मग स्टेशनवर उतरून मोबाईल गोल गोल फिरवावा लागत नाही.

मळवलीला एक्स्प्रेस गाड्या थांबत नाहीत, म्हणून स्टेशन अजून गावासारखं राहिलं आहे. डोंगरांच्या बाजूला बाहेर पडून सरळ चालायला लागायचं, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडायचा. पुलावर क्षणभर थांब. खालून गाड्या सुसाट चाललेल्या असतात आणि तू वर हातात पाण्याची बाटली घेऊन पायी. पुलापलीकडे भाजे गाव. स्टेशनपासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत अर्धा-पाऊण तास. रिक्षावाले "लोहगड, लोहगड" करत मागे येतात. पहिल्या वेळी चालच.

आता इथे एक निर्णय घ्यायचा आहे, आणि तो घरूनच घेऊन ये. मळवलीच्या एका बाजूला भाजे लेणी आणि लोहगड-विसापूर, तर दुसऱ्या बाजूला जुना हायवे ओलांडून कार्ल्याची लेणी आणि एकवीरा आई. नकाशावर सगळं बोटभर अंतरावर दिसतं, आणि तिथेच माणूस फसतो. भाजे आणि लोहगड एका दिवसात होतं. भाजे आणि कार्लेही होतं. तिन्ही करायला गेलीस तर तीन ठिकाणचे फोटो मिळतील आणि पाय सुजतील. विसापूर एकटीने करू नकोस. लोहगडाला बांधलेल्या पायऱ्या आहेत, वाटेवर माणसं असतात. विसापूरच्या वाटा झाडीतून जातात, त्यांना फाटे फुटतात, आणि तिथे वाट चुकणारे दर हंगामात असतात. दोन वेळा चुकून मगच मी हे सांगते आहे.

पायात दम असेल तर आधी लोहगड, उतरताना लेणी. भाज्याहून गायमुख खिंडीत चढायचं, तिथून उजवीकडे लोहगडवाडी. स्टेशनपासून वाडीपर्यंत दोन-अडीच तास धर. माझा नियम असा, की साडेदहापर्यंत खिंडीत पोचले तर गडावर जाते, नाहीतर तिथूनच मागे फिरते. गड काही पळून जात नाही. वाडीत गडावर चढण्याआधीच एखाद्या घरी पिठलं-भाकरी सांगून ठेव, किती वाजता येणार तेही सांग. त्याने दोन कामं होतात: जेवण गरम मिळतं, आणि एकटी बाई वर गेली आहे, अमुक वाजता खाली येणार आहे, हे गावातल्या एका तरी माणसाला माहीत असतं. हा दुसरा फायदा मला कितीतरी वर्षांनी सुचला. आता मी भूक नसली तरी जेवण सांगते.

लोहगडाचे चार दरवाजे एकामागून एक येतात: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वळणावळणाच्या त्या वाटेने चढताना वरच्या तटावरचा माणूस आपल्याला कसा सतत बघू शकतो ते कळतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात हा एक. त्यामुळे रविवारची गर्दी काही कमी होणार नाही. पावसाळी रविवारी तर त्या पायऱ्यांवर मुंगीलाही वाट नसते. तेव्हा जायचंच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बघ, किंवा रजा टाकून मंगळवारी जा.

पण मला विचारशील तर पहिल्या खेपेला नुसती भाजे लेणी, आणि तीही सावकाश. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची ही लेणी. एकूण बावीस. तोंड पश्चिमेला, त्यामुळे उन्हाळा सोडला तर दुपारनंतर जावं. उतरती उन्हं आतपर्यंत येतात. मुख्य चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात, शिरलीस की लगेच फोन काढू नकोस. खांबांकडे बघ. ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. दगडात खांब कलता ठेवायची काहीच गरज नसते. लाकडी मांडवात वरचा भार पेलायला खांब आत झुकवावे लागतात, आणि हे कोरणाऱ्यांच्या डोळ्यापुढे लाकडी इमारत होती. छताला तर खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या आहेत. दगडाच्या छताला लाकडाचा आधार कशाला हवा? नकोच आहे. सवय सुटली नाही, एवढंच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाच मिनिटांत बाहेर आले होते. हे सगळं तिसऱ्या-चौथ्या खेपेला दिसलं.

बाहेर दक्षिणेकडे चालत गेलीस की चौदा लहान स्तूपांचा घोळका लागतो, काही आत, काही उघड्यावर. ते इथे होऊन गेलेल्या भिक्षूंचे. आणि अगदी टोकाच्या विहारात, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यात, ओसरीवर दोन मोठी शिल्पं आहेत, एक रथातलं आणि एक हत्तीवरचं. सूर्य आणि इंद्र म्हणून ती ओळखली जातात. हत्तीवाल्या शिल्पाच्या खालच्या भागात एक बाई दोन वाद्यं पुढ्यात घेऊन वाजवते आहे, शेजारी दुसरी नाचते आहे. बोटभर जागेत कोरलेलं आहे, शोधावं लागतं. शोध.

लेण्यांच्या कपारींत आग्या मोहोळं असतात. अत्तर-सेंट लावून जाऊ नकोस, आणि कोणी धूर करताना दिसलं तर तिथून आधी निघ.

परतीचं. सकाळची गर्दी ओसरली की या मार्गावर दुपारपर्यंत लोकलमध्ये मोठा खंड पडतो, कारण त्या वेळात रुळांची कामं असतात. आदल्या रात्री वेळापत्रक बघ. लवकर आटपलं म्हणून वेळ न बघता स्टेशनवर येऊन बसलीस तर दोन-तीन तास बाकडं आणि तू. मुंबईहून येणाऱ्यांनाही हीच अडचण येते, कारण त्यांना लोणावळ्याला उतरून मागे एक स्टेशन लोकलनेच यावं लागतं. मी साधारण चार-साडेचारला मळवलीला पोचेन असा हिशोब ठेवते. एक गाडी चुकली तरी उजेड शिल्लक असतो.

धोक्याबद्दल विचारलंस. खरं सांगू का, इतक्या वर्षांत मला माणसांचा त्रास झाला तो दोनदा, आणि दोन्ही वेळा शहरातल्या रिक्षात. वाटेवर कोणी नको इतकं मागे यायला लागलं तर मी थांबते, वळते आणि मोठ्याने विचारते, "काय दादा, रस्ता चुकलात का?" बहुतेकांना तेवढं पुरतं. नाही पुरलं तर जिथे घर, दुकान, बायामाणसं असतील तिकडे वळायचं. लोकलमध्ये रेल्वेचा १३९, बाकी कुठेही ११२. लोकलला बायकांचा डबा असतो, सकाळी तो छान. पण रात्री तो रिकामा दिसला तर मी त्यात बसत नाही; ज्या डब्यात लेकुरवाळी कुटुंबं असतील त्यात बसते. एकटीला मोकळ्या डब्यापेक्षा रडणारं पोर बरं.

खरी भीती पाण्याची. या पट्ट्यात पावसाळ्यात जी माणसं जातात ती पाण्याने जातात, आणि बहुतेक वेळा घोळक्यात असताना. १५ जून २०२५ च्या रविवारी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या वजनाने कोसळला, चार जण गेले. हे ठिकाणही लोकलच्याच वाटेवर आहे. पावसाळ्यात प्रशासन पर्यटनस्थळांवर बंदी घालतं, ते आदेश बघूनच निघायचं, आणि धबधब्यात पाय बुडवायचा नाही. शेजारी पन्नास जण बुडवत असले तरी नाही.

बायकांची जी अडचण कोणी लिहीत नाही ती म्हणजे स्वच्छतागृह. घरून निघताना, पुणे स्टेशनवर, आणि मग जिथे जेवण सांगितलं त्या घरी. मळवली स्टेशनवर विसंबू नकोस. त्या घरच्या बाईला थेट विचार, "ताई, संडास वापरू का?" आजवर एकीनेही मला नाही म्हटलेलं नाही. आणि अडचण होईल म्हणून पाणी न पिणं हा मूर्खपणा आहे. दोन लिटर बरोबर ने आणि संपवून ये. सुटे पैसे ठेव. डोंगराच्या आडोशाला फोनची रेंज गेली की स्कॅन करून पैसे देणं बंद पडतं.

दोन-तीन वेळा मळवली झालं की मग एसटीकडे वळ. तेव्हा वाई कर. स्वारगेटहून थेट गाडी मिळते, महाबळेश्वरच्या गाड्याही वाईवरूनच जातात. महिलांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड जवळ असू दे. वाईत कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपती, १७६२ चा, रास्त्यांनी बांधलेला. दर्शन सगळे घेतात, तू देवळाला वळसा घालून मागची भिंत बघ. माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवली: नाना फडणविसांचा वाडा, घाट, आणि वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा. तिच्यावर १७०७ साल आहे. चालत जाता येतं, उसाच्या कडेने.

वाईची मेख परतीतच आहे. रविवारी संध्याकाळी महाबळेश्वर-पाचगणीकडून येणाऱ्या गाड्या खच्चून भरलेल्या असतात. स्टँडवर थांबून त्यात शिरायची धडपड करू नकोस. वाईहूनच सुटणारी गाडी कोणती ते सकाळी उतरल्या उतरल्या विचारून ठेव आणि तिच्यासाठी थांब. लोक तुला सल्ला देतील की वडाप, म्हणजे शेअर जीप, धरून सुरूर फाट्याला जा, हायवेवर साताऱ्याहून येणाऱ्या गाड्या ढिगाने मिळतात. मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच विनाथांबा असतात आणि हात केलेल्या माणसाकडे न बघता निघून जातात. अंधार पडताना हायवेच्या कडेला एकटीने हात करत उभं राहायचं नाही. स्टँडवर एक तास जास्त बसावं लागलं तरी चालेल, तिथे दिवा असतो, चहा असतो आणि चौकशीची खिडकी असते.

राहिली आई. मी सुरुवातीला सासूबाईंना "ऑफिसची सहल" सांगायचे. एकदा बुटाला लागलेल्या लाल मातीने पकडले गेले. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "कुठे गेलीस ते ठाऊक नसेल तर शोधायला माणूस पाठवू कुठे?" तेव्हापासून मी फ्रिजवर चिठ्ठी लावते: कुठे, कोणत्या गाडीने, कोणत्या गाडीने परत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. ही शेवटची वेळ मी नेहमी दीड तास पुढची लिहिते, म्हणजे लोकल रखडली तरी घरात धावपळ होत नाही. तू खोलीवर राहतेस, तर चिठ्ठीचा फोटो आईला आणि एका मैत्रिणीला पाठव. आईला जाण्याआधी सांगायचं की आल्यावर, हे तू ठरव, पण फोटो मात्र निघण्याआधी गेला पाहिजे.

आणि येताना उजवी खिडकी धर. विसापूर-लोहगड तेव्हा त्या बाजूला येतात.